नहपानाच्या चेहऱ्यावर सातकर्णीचा शिक्का

नाशिकला पाहुणे आले की मी त्यांना पांडवलेण्यांवर नेते, आणि आधी दहावं लेणं दाखवते. माझी सगळी नोकरी बँकेच्या ठेव विभागात झाली, त्यामुळे तिथला उषवदाताचा कोरीव लेख मला जवळचा. उषवदात हा नहपान राजाचा जावई; नहपान क्षहरात या शक घराण्यातला. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले: 2000 दरमहा शेकडा एक दराने, 1000 पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज 240. वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12. हिशोब चोख!

पण हा लेख सातवाहनांच्या शत्रूचा. प्रतिष्ठान (पैठण), जुन्नर, नाणेघाट हा सातवाहनांचा पट्टा. नाणेघाटात सातवाहन राजा सिमुक, सातकर्णी (गौतमीपुत्राच्या आधीचा), राणी नागनिका यांच्या प्रतिमा होत्या. त्या फुटल्या, कोरलेली नावं टिकली. घाट उतरलं की कल्याण-सोपाऱ्याची बंदरं, म्हणजे जकात आणि परदेशी व्यापार. नेमकं हेच क्षहरातांनी बळकावलं होतं.

गौतमीपुत्र सातकर्णीने ते परत जिंकलं. त्याची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षी, तिसऱ्या लेण्यात मुलाबद्दल कोरून घेतलं: क्षहरात वंश निःशेष करणारा, ज्याची वाहनं (स्वारीची जनावरं) तीन समुद्रांचं पाणी प्यायली असा. वाचताना अजून छाती भरून येते. तरीही शत्रूच्या जावयाचा लेख त्याच डोंगरात शाबूत राहिला.

नाण्यांचंही तसंच. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारला होता. काहींवर खालचा नहपानाचा चेहरा अजून ओळखू येतो. चांदी तीच, वजन तेच. व्यापाऱ्याच्या गाठीचा पैसा एका रात्रीत बाद झाला नाही. माझ्या मते त्याचं राज्य इथे रुजलं ते या शहाणपणामुळे.

त्याच्या कारभाराची नजर किती बारीक होती, ते 24व्या राज्यवर्षाच्या लेखात दिसतं. भिक्षूंना दिलेलं शेत कसलं जात नव्हतं, गावही ओस पडलं होतं. तेव्हा राजा आणि राजमाता, दोघांच्या नावाने गोवर्धनचा अमात्य श्यामक याला आज्ञा गेली: नगराच्या सीमेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातली 100 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) भिक्षूंना द्या.