पेन्सिलीची घाई

इथे अमेरिकेत चांगल्या प्री-के वर्गात (केजीच्या आधीच्या वर्षात) चार वर्षांच्या मुलाला कात्री रोज मिळते, अक्षरं गिरवायला मात्र कोणी बसवत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं. गोव्यात फोंडा असो की डिचोली, केजीतलं साडेतीन वर्षांचं पोर चाररेघीत 'के' नि 'एक्स' गिरवतंय, वर गृहपाठ!

हात तयार होण्याचा एक क्रम असतो. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल उतरवतं, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, मग चौकोन. त्रिकोणाला पाचवं उजाडतं, कारण तिरकी रेघ सर्वांत उशिरा जमते. 'के', 'एम', 'एक्स' तर तिरक्या रेघांचीच. घाई केली की पेन्सिल मुठीत आवळली जाते, हात खांद्यातून ओढला जातो, कागद फाटतो, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही.

कात्रीचंही तसंच. आधी जाड कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या, एका कातरीत तुकडा पडणाऱ्या. मग सरळ रेघ, मग वळण, गोल शेवटी. अंगठा वरच्या बाजूला हवा. वर्तमानपत्राचा पातळ कागद पात्यांत दुमडतो, मूल चिडतं आणि 'ह्याला जमत नाही' असा शिक्का बसतो. घरात कणकेचा गोळा नि निवडायला मूठभर आळसांदे (चवळीसारखे दाणे) दिले तरी बोटांना तेवढंच काम मिळतं.

मिशिगनमधल्या पेरी प्रीस्कूलमध्ये (१९६२-६७) मुलं आधी बेत सांगत, मग खेळत, मग काय केलं ते सांगत. त्यांच्या बुद्ध्यांकातली वाढ काही वर्षांत विरली. पण चाळिशीपर्यंत शिक्षण, कमाई, पोलिसांशी कमी गाठ, यांत ती प्रीस्कूलला न गेलेल्या मुलांच्या पुढेच राहिली.

म्हणून इथलं सगळं सोनं नव्हे. टेनेसीत सरकारी प्री-केमधली मुलं सुरुवातीला पुढे होती, सहावीत मागे पडली. २०२२ चा तो अभ्यास इथे अनेकांना झोंबला. शिवाय अनेक राज्यांत चार वर्षांच्या सगळ्यांना फुकट जागा नाहीच. आपल्याकडे अंगणवाडी गावात आहे, आहारासकट. आणि ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षण अंगणात नेलं ते १९४५ साली, पेरीच्या कितीतरी आधी. मग आपण चाररेघी वहीत कधी शिरलो?

जूनच्या प्रवेशाला जाल तेव्हा भिंतीवरचे तक्ते राहू देत. मातीकाम आठवड्यातून किती वेळा, घसरगुंडीवर पाळी कोण लावतं आणि डब्याचं झाकण मूल उघडतं की बाई, एवढं विचारा.