रविवारचे किलोमीटर

मीटरवर 49.3 दिसत असताना सायकलवाला घराच्या फाटकाशी पोचतो आणि उतरत नाही. सोसायटीला प्रदक्षिणा सुरू. वॉचमन बघतोय, बघू दे. 50 उमटले की मगच पाय टेकायचा. मग दुपारी जेवण झाल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या खाड्याशेजारी, तो आकडा लिहायचा.

दिवाळीनंतर अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जायचं, रोज सत्तरेक किलोमीटर, तर हे आकडे गणपतीच्या आधीपासून पडायला हवेत. पहिल्या आठवड्यात 100, मग 110, 120, आणि चौथ्यात मुद्दाम 85. हा चौथा आठवडाच कोणाला पाळवत नाही. अंगात नुकताच जोर आलेला असतो आणि नेमका तेव्हाच गुडघा धरतो. (समोरून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. बदल पाच मिलिमीटरचाच करावा.) पावसातला सराव चेन खातो; घरी आल्याआल्या पुसून तेल घातलं नाही तर दोन दिवसांत करकर.

खरी गोम आठवड्याच्या बेरजेत आहे. रोज वीस-वीस करूनही 140 भरतात, कॅलेंडर छान दिसतं, पण सलग सहा दिवसांच्या वाटेवर ती शिल्लक पुरत नाही. शनिवारी 70 कोणीही मारतो. रविवारी पहाटे मांड्या भरून आलेल्या असताना त्याच सीटवर पुन्हा बसून 50 करायचे, ते खरे. सीट चुकीची आहे हेही दुसऱ्याच दिवशी कळतं. पॅडच्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं, हे सांगताना मुरलेले लोकसुद्धा आवाज खाली आणतात.

आणि सपाटीचे किलोमीटर कोकणात चालत नाहीत. आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड: रस्ता प्रत्येक खाडीशी पार पाण्यापर्यंत उतरतो, फेरीबोट पलीकडे सोडते आणि थोड्याच वेळात चढ उभा. बोटीत पाय गार पडलेले. गियर आधीच हलका करून ठेवला नसेल तर तिथे चेन कुरकुरते, मग स्वार. म्हणून पुणेकरांनी बोपदेव आणि दिवे घाट सोडू नयेत, आणि शेवटचे दोन-तीन रविवार पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत, खरं सामान भरूनच जावं. आठ किलो मागे लटकले की चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल डुलायला लागतं. दर तासाला अर्धा लिटर तरी पाणी, शिवाय भुकेच्या आधी केळं किंवा चिक्की. भूक लागल्यावर खाल्लेलं पुढच्या घाटाला उपयोगी पडतं, हा गेलाच.

निघायच्या आधीचा आठवडा निम्म्यावर आणायचा. चौकोन रिकामे दिसतात, हात शिवशिवतात. मग कोणीतरी कोथिंबीर आणायला म्हणून सायकल काढतं, 12 किलोमीटर करून येतं, आणि पिशवी रिकामी.