एएनए रिपोर्ट आणि महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर : माझा अनुभव

अंग सतत दुखतंय, सकाळी बोटं मिटत नाहीत आणि डॉक्टर ‘ऑटोइम्यून असू शकेल’ म्हणालेत, असं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाचं चाललं असेल, तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये एक गोष्ट नक्की विचारा : एएनए तपासणी कुठल्या पद्धतीनं करणार? (ऑटोइम्यून म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटणं, आणि एएनए म्हणजे आपल्याच पेशींविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधणारी तपासणी.) हे विचारायचं असतं असं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यापायी माझा अख्खा पावसाळा गेला आणि त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

मी खानापुरात एका पतसंस्थेत कॅशला बसते. दुखणं बोटांच्या मधल्या सांध्यांत सुरू झालं, मग मनगटात आलं, मग घोट्यात. सकाळी भाकरी थापता येईना. दहा-अकरा वाजले की हात जरा सैल व्हायचा, पण संध्याकाळी असा थकवा यायचा की जेवण नको, आडवं पडू दे, असं व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, “पाऊस पडूलालाय न्हवं, वात धरला असणार.” खानापूर तालुक्यात पावसाला कमी नाही, त्यामुळं सगळ्यांना ते पटायचं. आमच्या फॅमिली डॉक्टरांना पटलं नाही, हे माझं नशीब. थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व, चिकुनगुन्या, सगळं त्यांनी भराभर करून घेतलं. संधिवातासाठी बघतात तो आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर वाढलेला होता. “आरए निगेटिव्ह आला म्हणून संधिवात नाही असं होत नाही. बेळगावला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवा,” म्हणाले.

इथं गाडं अडलं.

मला सांगितलेले ते डॉक्टर बाहेरगावचे. बेळगावच्या एका हॉस्पिटलात महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी येतात. नंबर फोनवर लागतो, पण फाइलमध्ये एएनएचा रिपोर्ट नसेल तर काउंटरवरून नाव घेत नाहीत. मी जवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट लवकर आला, एक आकडा आणि पुढं ‘निगेटिव्ह’. शनिवारी डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि बाजूला ठेवला. ही एलायझा पद्धत आहे, मला इम्युनोफ्लुरोसन्सवर केलेली हवी, असं म्हणाले. त्या पद्धतीत हेप-टू नावाच्या पेशींवर रुग्णाचं रक्तद्रव टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा चमकतात ते बघतात. त्यातून दोन गोष्टी कळतात : रक्त किती पातळ करेपर्यंत चमक राहते, म्हणजे १:८०, १:१६० वगैरे, आणि चमकण्याचा नमुना कसा आहे. एलायझात नमुना दिसत नाही आणि काही वेळा खरी पॉझिटिव्ह केस सुटून जाते. हे काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल असं मी मानत नाही. फॉर्मवर दोन्हींचे दर वेगवेगळे छापलेले होते.

पुन्हा रक्त दिलं. या वेळी सॅम्पल बाहेरगावी जाणार होतं. मी रोज फोन करायची. “अजून आला नाही मॅडम.” सुट्टी टाकून प्रत्यक्ष गेले, तरी तेच. दुसरा शनिवार आला आणि गेला. रिपोर्ट नाही म्हणून नंबर नाही. सोमवारी फोन आला, घेऊन जा. खाली छापलेली तारीख बघितली तर आदल्या बुधवारची. बुधवारी रिपोर्ट तयार होऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर पडला होता आणि शनिवारपर्यंत तो कुणी उघडलाच नव्हता. मी तिथंच बाकावर बसले. जिना चढताना घोटे फुटल्यासारखे होत होते, हाताला सूज होती, आणि समोरची मुलगी म्हणत होती, “आता आलाय ना?”

पुढचा दुसरा शनिवार गणपतीत आला. ओपीडी रद्द. म्हणजे आणखी एक महिना.

त्या महिन्यात दुखण्यापेक्षा माणसांचं बोलणं जास्त लागलं. “रिपोर्टमध्ये तर काही आलं नाही, मग दुखतं कसं?” असं घरच्यांनीही विचारलं. दुखतं म्हणजे दुखतं. रिपोर्टला वेळ लागतो, सांधा थांबत नाही. एका नातेवाइकानं ‘एका इंजेक्शनात बरं करणारा’ डॉक्टर सुचवला. मी गेले नाही आणि याचा मला अभिमान आहे. फॅमिली डॉक्टरांनी बजावलं होतं की अशा इंजेक्शनात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, सूज तात्पुरती उतरते आणि तपासायला बसलेल्या तज्ज्ञाला काही सापडत नाही. तुम्ही आधीच स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असाल तर मात्र मनानं एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. डॉक्टरांना सांगा.

सूज असेल त्या दिवशी मोबाइलवर हाताचा फोटो काढून ठेवा. तारीख आपोआप राहते. सकाळी आखडलेला हात किती वेळानं सुटतो तेही लिहा. अर्धा-पाऊण तासाच्या वर जात असेल तर डॉक्टर लक्ष देऊन ऐकतात.

शेवटी नंबर लागला. डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून बघितला. तोंड कोरडं पडतं का, डोळ्यांत खडा गेल्यासारखं वाटतं का, उन्हानं चट्टे येतात का, थंडीत बोटं पांढरी पडतात का, सगळं विचारलं. एएनए १:१६० होता. तो ठणठणीत माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकतो, त्यावरून लगेच ल्युपस (एक ऑटोइम्यून आजार) म्हणायचं नाही, हे त्यांनी नीट समजावलं. पुढं नेमका आजार ओळखायला डीएसडीएनए, सी-३, सी-४, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या झाल्या. आज माझ्या कागदावर लिहिलंय ‘अनडिफरन्शिएटेड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज’. रोग आहे, त्यानं अजून एक ठराविक रूप घेतलेलं नाही. काहींचं वर्षानुवर्षं असंच राहतं, काहींचं कमी होतं, काहींचं पुढं स्पष्ट होतं. पूर्ण उत्तर नसूनही मला केवढं हलकं वाटलं! हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सुरू झालं. त्याला गुण यायला दोन-तीन महिने, कधी जास्तही लागतात, आणि सुरुवातीला डोळे तपासून घ्यावे लागतात.

खर्चाचं सांगायचं राहिलं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांसाठी जाहीर केलेली जनआरोग्य योजना आणि आपल्याकडचं आयुष्मान-आरोग्य कर्नाटक कार्ड, दोन्हींची मी चौकशी केली. या योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ओपीडीतल्या या रक्ततपासण्यांचे पैसे मी खिशातूनच भरले, तेव्हा ती तयारी ठेवा.

लॅबमध्ये पावतीवरचा सॅम्पल नंबर लिहून घ्या, रिपोर्ट थेट तुमच्या मोबाइलवर पाठवायला सांगा आणि त्यांनी टाइप केलेला नंबर स्वतः वाचून बघा. एएनएला उपाशीपोटी जावं लागत नाही, त्यामुळं कामावरून येतानाही रक्त देता येतं.

आणि लघवीची साधी तपासणी टाळू नका. ती स्वस्त आहे, पण या आजारांत किडनीला धक्का बसतोय का ते तिथं आधी दिसतं. लघवीला फेस येणं, चेहरा किंवा पाय सुजणं, धाप लागणं, छातीत दुखणं, उतरत नसलेला ताप, यातलं काही झालं तर दुसऱ्या शनिवारपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा.