खुंट्या, सुतळी आणि माठाचा वाफा

आमच्या घरामागे १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद मोकळी जागा आहे. आकडे अंदाजाने सांगत नाही. जन्मभर जमीन मोजणीचं काम केलं, त्यामुळे निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात टेप काढून स्वतःची जागा मोजली. ती मोजून झाल्यावर तिथे काय लावायचं यावरून घरात दोन तट पडले. मला काजूचं झाड हवं होतं, हिला लाल माठ.

"झाड लावा आणि बसा बघत त्याच्याकडे," ही म्हणाली. "मला महिन्याभरात हातात काही यायला हवं."

शेवटी दोन्ही लावलं. तेव्हा वाटलं होतं, तोडगा निघाला.

माठाचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये हजाराहून जास्त दाणे बसतात. ही चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत कालवते आणि मग वाफ्यावर भुरभुरते, नाहीतर एकाच जागी गर्दी होते आणि बाकी वाफा टक्कल पडल्यासारखा दिसतो. वर मातीचा नुसता पदर, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. चार-पाच दिवसांत लाल दोरे वर येतात. तिसऱ्या आठवड्यात विरळणी करताना जी रोपं उपटायची, तीच पहिली भाजी. पंचविसाव्या-तिसाव्या दिवसापासून शेंडे खुडायला लागलं की खालून नवे फुटवे येतात. मात्र तुरा दिसायला लागला की पानं राठ होतात. मग एखाददुसरं रोप बियाण्याला ठेवून बाकी वाफा मोकळा करायचा.

माझ्या बाजूचा हिशेब वेगळाच होता. मी कलम आणलं होतं, कारण बियाण्यापासून वाढवलेलं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते. कलम लवकर फळाला येतं हे खरं, पण पहिली दोन वर्षं मोहोर आला तर तो खुडून टाकायचा असतो. झाडाने आधी अंग धरावं, फळाच्या मागे लागू नये, म्हणून. दुसऱ्या वर्षी कलमाला सात तुरे आले होते. मी ते सातही हाताने मोडले. त्याच सकाळी ही तिसऱ्या वाफ्यातली टोपली भरून आत गेली. काही बोलली नाही, पण टोपली जरा जास्तच उंच धरली होती.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. ते कलम वाचलं ते माठामुळे. पहिल्या वर्षी जोडाच्या खाली, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलेलं असतं त्या खुंटाला, एक फुटवा आला. मी रोज लांबून बघत होतो आणि झाड जोमात आहे म्हणून खुश होतो. ही शेजारच्या वाफ्यात खुरपत बसली होती. तिनं विचारलं, "अहो, ही फांदी मातीतून निघाल्यासारखी का दिसते?" तो फुटवा वरच्या कलमाच्या दीडपट झाला होता. महिनाभर तसाच राहिला असता तर कलम मागे पडून खुंटाचंच झाड झालं असतं. पालेभाजीजवळ माणूस रोज उकिडवं बसतं आणि त्या उंचीवरून जे दिसतं ते उभ्याने दिसत नाही.

चौथ्या वर्षी मला पहिलं म्हणण्यासारखं पीक मिळालं. ३४० बिया, वजन २ किलो १०० ग्रॅम. काजूची रचना मोठी गमतीची आहे. बी आधी पूर्ण आकाराची होते आणि त्यानंतर तिच्यावरचा देठ फुगतो. तोच बोंडू. म्हणजे ज्याला आपण फळ समजतो तो नुसता माजलेला देठ आणि खरं फळ खाली उघड्यावर लोंबत असतं. झाडावरून ओरबाडायचं नाही, बोंडू पिकून आपोआप पडला की बी पिळून वेगळी करायची आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवायची. बोंडू मात्र एका दिवसात उतरतो.

इथवर सगळं छान होतं. मग मला वाटलं, एक बी फोडून तर बघू. पक्कड घेतली आणि दाबली.

काजूच्या कवचात दोन थर असतात आणि मधल्या पोळ्यासारख्या जाळीत काळपट तेल भरलेलं असतं. ते कातडी जाळतं. हे मला वाचून माहीत होतं, पण वाचलेलं बोटांपर्यंत पोचलेलं नव्हतं. अंगठ्यावर आणि दोन बोटांवर थेंब उडाले, मी ते पँटला पुसले आणि वर त्याच हाताने मान खाजवली. दुसऱ्या दिवशी फोड आले. पुढे पंधरा दिवस सालपटं निघत होती, मानेवर डाग पडला तो वेगळाच. आंबा याच कुळातला आहे. ज्यांना आंब्याचा चीक उततो त्यांनी तर कच्च्या काजूपासून लांबच राहावं. घरात भाजून बघण्याचा विचारही करू नका, त्या धुरानेही डोळे आणि कातडी चुरचुरते. आता मी बिया वाळवून, ज्यांच्याकडे त्या तापवून फोडायची साधनं आहेत त्यांच्याकडे देतो. परत येताना गर साधारण पाव वजनाचा असतो. दोन किलो बियांचे अर्धा किलो गर, त्यासाठी चार वर्षं आणि एक अंगठा. माठ उपटायचा, मुळं कापायची, धुवायचा. संपलं.

पण खरं भांडण पिकाचं नाहीच, ते उन्हाचं आहे. माठ हा मका आणि ऊस यांच्यासारखा सी-४ प्रकारचा, म्हणजे कडक ऊन अन्न बनवायला जास्त चांगलं वापरणारा आहे. कडक उन्हात इतर पालेभाज्या मान टाकतात तेव्हा हा जोरात वाढतो. सावलीत मात्र त्याचा तो जोर राहत नाही. आणि काजूला कलम ते कलम ७ ते ८ मीटर अंतर सांगतात. आमची जागाच ७ मीटर रुंद! मोजणीत उभा जन्म गेलेल्या माणसाने पिशवीतलं दीड फुटी रोप बघून ही वजाबाकी केली नाही. दीड फुटी रोपाची सावलीही दीड फुटीच राहणार असं काहीसं वाटलं असावं.

दुसऱ्या वर्षापासून मी दरवर्षी एकाच तारखेला, भर दुपारी, घेराच्या कडेने खुंट्या ठोकतो आणि सुतळी बांधतो. व्यास असा वाढत गेला: १.२ मीटर, २.१, ३, ४.१ आणि यंदा सहाव्या वर्षी बरोबर ५. झाड मधोमध आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना मीटर-मीटरभर ऊन उरलं. हिचे सहा वाफे होते, आता तीन आहेत. बुंध्याजवळचा वाफा पहिला गेला. तिथला माठ लांबट, पिचका आणि रंगाला हिरवट निघायला लागला. दुसऱ्या वाफ्याचा घात पाचोळ्याने केला. काजूचं पान चामड्यासारखं, कुजता कुजत नाही. त्याच्याखाली ते लाल दोरे वर येऊच शकत नाहीत. तिसरा वाफा हिनं स्वतःहून सोडला. त्याला दिलेलं नत्र झाडच खायचं, अवेळी कोवळी पालवी फुटायची आणि त्या पालवीवर ढेकण्या हा रस शोषणारा किडा यायचा, शेंडे काळे पडायचे. हे असंच घडत होतं की माझा नुसता संशय, देव जाणे. पण तो वाफा बंद केल्यावर शेंडे बरे दिसले.

कुणी विचारतं, थोड्या जागेत दोन्हींपैकी काय लावू? मी काजूच्या बाजूचा असूनही सांगतो, आधी साडेतीन मीटरची सुतळी घ्या, जिथे झाड लावायचं तिथे खुंटी ठोका आणि सुतळी ताणून गोल फिरा. त्या गोलात तुमची सगळी बाग येत असेल तर माठ लावा. मला हे सहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नाही. म्हणजे हिनं सांगितलं होतं, पण मोजमापात सांगितलं नव्हतं.

गेल्या रविवारी यंदाच्या खुंट्या ठोकून झाल्या. पूर्वेची खालची फांदी उरलेल्या वाफ्यांवर वाकते आहे. मी म्हणालो, छाटू, पण बिया उतरल्यावर, आत्ता मोहोर आहे. ही बरं म्हणाली. आज सकाळी बघितलं तर त्या फांदीला सुतळी बांधलेली होती आणि तिच्याखाली, अजून सावलीतच असलेल्या जमिनीवर, नवा वाफा खणून तयार होता.