नळ आले!

आमच्या जालन्यात पाणी येत नाही, ‘नळ येतात’. कधी आठवड्यानं, कधी पंधरा दिवसांनी, आणि बहुतेक वेळा रात्रीच. त्यामुळे प्रभूच्या येण्याची घटका कुणाला ठाऊक नाही, हे आम्हा ख्रिस्ती घरांतल्या पोरांना फार समजावून सांगावं लागलं नाही. वॉलमनची तरी कुणाला ठाऊक होती?

माझी आजी बेथेलची. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेलं हे ख्रिस्ती गाव. रात्रीची प्रार्थना झाली की ती चिंचेनं घासलेल्या घागरी ओळीनं उपड्या घालायची. तोटी उघडीच, आणि खाली जर्मनची परात. मध्यरात्री नळातून आधी हवा फुसफुसायची, मग परातीत टण् टण्. घरात आम्हा कुणाला ऐकू यायचं नाही. आजी मात्र पहिल्याच थेंबाला उठून दारात उभी राहायची आणि गल्लीभर ओरडायची, “नळ आलेऽऽ!” पदर खोचलेला, केस सुटलेले. भजनातही तिचा आवाज एवढा लागायचा नाही.

२०१३च्या दुष्काळात जालन्याला पाणी पुरवणारा घाणेवाडीचा तलाव आटला. गल्लीत टँकर सुरू झाले. त्याच उन्हाळ्यात एका रविवारी पाळकसाहेबांनी येशूच्या दहा कुमारींच्या दाखल्यावर उपदेश केला. दहा जणी दिवे घेऊन रात्री वराची वाट पाहतात; पाच शहाण्यांनी जास्तीचं तेल आणलेलं असतं, बाकीच्या पाच जणींचे दिवे विझू लागतात, शहाण्या तेल देत नाहीत आणि त्या पाच जणी दाराबाहेर राहतात. भक्ती संपल्यावर आजीनं त्यांना दारातच गाठलं.

“सलाम पाळकसाहेब. त्या पाच जणी शहाण्या, मग बाकीच्यांना वाटीभर तेल देईनात व्हय?”

ते हसले. “आजी, दाखला तयारीचा आहे. तयारी उसनी मिळत नाही.”

“ते खरंच हाय. पण अध्याय तिथंच संपत न्हाई ना. जरा खाली वाचा की.”

खाली, म्हणजे बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या त्याच पंचविसाव्या अध्यायात, पस्तिसाव्या ओवीत, “तान्हेला होतो तेव्हा तुम्ही मला प्यायला दिले” आहे. पाळकसाहेबांना ते अर्थातच पाठ होतं. ते फक्त मान हलवत राहिले.

त्या रात्री शेजारच्या भाभींच्या घरी ओली बाळंतीण होती आणि टिपाड कोरडं. आजीनं आमच्या चारातली एक भरली घागर उचलून तिकडे पोचवली. त्यापायी माझी आंघोळ बुडाली. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नसावं, हे जास्त लागलं.

आता आजी नाही. गच्चीवर टाकी आहे, मोटार आहे, नळाची खबर मोबाइलवर येते. गेल्या आठवड्यात मोबाइल सायलेंटवर टाकून मी गाढ झोपलो. रात्री अडीचला दार वाजलं. उघडलं तर भाभींचा नातू, त्या बाळंतिणीचाच पोरगा, एका हातात बादली.

“काका, नळ आलेत. अम्मी म्हणाली, उठवून ये.”

एवढं सांगून तो पुढच्या दाराकडे पळाला.