खुनी नसलेल्या रहस्यकथा

मंगळवार, रात्र

पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमची ‘कातार’ (म्हणजे सर्दी) ही कादंबरी आज पुन्हा वाचून संपवली. उत्तर आधीच ठाऊक होतं, तरी नेपल्समधल्या त्या मृत्यूंनी तितकंच अस्वस्थ केलं. पन्नाशीच्या आसपासचे, एकटे राहणारे परदेशी पुरुष. गंधकाच्या पाण्यात स्नानं घ्यायला आलेले, आणि एकेक करून भ्रमिष्ट होऊन मेलेले. पोलीस खुनी शोधत राहतात आणि खुनी कुठेच नसतो. ॲलर्जीचं औषध, टक्कल घालवायचं मलम, ते स्नान आणि भाजलेले बदाम, यांतलं एकेक घेतलं तर निरुपद्रवी. एकाच शरीरात एकत्र आलं की विष. छडा लावतो एक निवृत्त अंतराळवीर, तोही हुशारीने नव्हे. त्याला स्वतःलाच परागकणांची ॲलर्जी असते आणि तो नकळत त्याच साखळीत सापडतो. पॅरिसच्या हॉटेलात भ्रम सुरू होताच तो स्वतःला रेडिएटरला बेड्यांनी जखडून घेतो, ते पान मी आज थांबून थांबून वाचलं.

हे सुचायला वैद्यकाचीच नजर हवी. लेमचे वडील ल्वूफमध्ये (तेव्हा पोलंडमधलं, आज युक्रेनमधलं ल्विव्ह) घशाचे डॉक्टर. तोही वैद्यक शिकला. दुसऱ्या महायुद्धाने शिक्षण तुटलं, पुढे पोलंडमधल्या क्राकूवला ते जवळजवळ पुरं केलं. शेवटची परीक्षा मात्र त्याने मुद्दाम दिली नाही, कारण पास झालेल्यांना सैन्यात डॉक्टर म्हणून ठेवून घेत होते. पदवी राहिली, पण लक्षणांकडून कारणाकडे जाण्याची सवय लेखणीत उतरली.

मला त्याची चिकाटी फार भावते. १९५९च्या ‘श्लेत्स्त्वो’ (म्हणजे तपास) या कादंबरीमध्ये इंग्लंडमधल्या शवागारांतली प्रेतं जागची हलतात, नाहीशी होतात. तिथे संख्याशास्त्रज्ञ एक सूत्र मांडतो, वरिष्ठ अधिकारी सोयीचं स्पष्टीकरण पुढे करतो आणि तपास करणारा बिचारा पोलीस अधिकारी ग्रेगरी दोहोंच्या मध्ये अडकून राहतो. लेमचं त्या शेवटाने समाधान झालं नव्हतं. १९७६ साली ‘कातार’मध्ये तो त्याच प्रश्नाकडे परतला आणि या वेळी योगायोगालाच पुरावा मिळवून दिला. १९७९ साली फ्रान्समध्ये या पुस्तकाला गुन्हेकथेचं मोठं पारितोषिक मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

त्याला सगळे ओळखतात ते ‘सोलारिस’ या विज्ञानकादंबरीवरून. पण लेम कुठून सुरू करू असं कुणी विचारलं, तर मी ही दोनच पुस्तकं हातात देईन, आधी १९५९चं, मग १९७६चं.