नटाचे कोपरे

दहा हजारांची पैठणी घेतली तर आमच्या सोसायटीत बायका पदर हातात घेऊन बघतात. तीस हजारांचा मोबाइल घेतला तर कोणी बघतसुद्धा नाही, सगळ्यांकडेच असतो. पण पाच हजारांची पक्कड घेतली असं सांगून बघा. समोरचा आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या नवऱ्याकडे, आणि दोघांपैकी ज्याची कीव करणं सोपं जाईल त्याला विचारतो, "सोन्याची आहे का?"

नवऱ्याचं म्हणणं ठाम आहे. "तेवढ्यात अख्खं टूलकिट आलं असतं, ड्रिल मशीनसकट." आलं असतं, त्यात वाद नाही. प्लॅस्टिकच्या पेटीत, प्रत्येक वस्तूला आपापला खळगा, आणि निम्म्या वस्तू अशा की त्या कशासाठी असतात हे पेटी विकणाऱ्यालाही सांगता येऊ नये. तशी एक पेटी आमच्याकडे आहे, कुठल्याशा दिवाळीला भेट आलेली. तिच्यातलं मी नियमित वापरते असं हत्यार एकच, ते म्हणजे पेटी. तिच्यात आता सुतळी आणि रिकाम्या बाटल्यांची झाकणं असतात.

माझे वडील चिंचवडला एका कंपनीच्या टूलरूममध्ये होते. त्यांच्या दाढीच्या सामानाला हात लावला तर ते काही म्हणत नसत. मायक्रोमीटरला, म्हणजे केसभर जाडी मोजायच्या हत्याराला, लावला की आवाज चढायचा. तेव्हा हा रोग घरातूनच आला, असं समजा.

पुण्यात या रोगाची पेठ म्हणजे रविवार पेठ. बोहरी आळीत शिरलं की दुकानाच्या दारातच साखळ्या, बिजागऱ्या, करवती टांगलेल्या असतात आणि आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. पक्कड मागितली की दुकानदार आधी विचारतो, "घरासाठी का कामासाठी, ताई?" फार मुद्द्याचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर तो कुठल्या फळीकडे हात नेणार ते ठरतं. घरासाठी म्हटलं की बिननावाची, शंभर-दीडशेची. कामासाठी म्हटलं की तपारिया कंपनीची, तीन-चारशेच्या आसपास. आणि तुम्ही तरीही घुटमळत राहिलात, तर मागच्या कपाटातून जर्मन पक्कड निघते. साधीच पक्कड, पण दोन-अडीच हजारांना.

आणि गंमत अशी की ती तिसरी पक्कड विकत घेणारा माणूस बहुधा घरासाठीच घेत असतो. दिवसभर जो वायर कापतो, तो इलेक्ट्रिशियन तपारिया वापरतो. बँकेतून निवृत्त झालेला, वर्षातून चार वेळा बल्बचा होल्डर बदलणारा माणूस क्निपेक्स, म्हणजे ती जर्मन पक्कड, घेतो. कामाच्या माणसाला काम होण्याशी मतलब, शिवाय साइटवर पक्कड हरवते, चोरीला जाते, चौथ्या मजल्यावरून पडते. अडीच हजारांची वस्तू चौथ्या मजल्यावर घेऊन जायची म्हणजे कामात लक्ष लागायचं नाही.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? दुकानात तिन्ही पकडी शेजारी शेजारी ठेवल्या तर तिन्ही चकाकतात. उलट बिननावाची जरा जास्तच. 'क्रोम व्हॅनेडियम' (चांगल्या पोलादाचं नाव) अशी अक्षरंही तिच्यावरच सगळ्यांत ठळक असतात. खरी गोष्ट आत असते आणि ती डोळ्याला दिसत नाही. लोहार कोयत्याला पाणी देतो, तेच इथं. लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की पोलाद कठीण होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून थोडं नरमवावं लागतं. जास्त कठीण राहिलं तर टवका उडतो, जास्त नरमलं तर वाकतं. पकडीत तर दोन्ही एकाच तुकड्यात हवं असतं: तार कापणारी धार कठीण आणि बाकीचं अंग चिवट. म्हणून धारेला वेगळं पाणी चढवतात. हे नीट झालंय की नाही हे गिऱ्हाइकाला दुकानात कळायची सोय नाही. ते कळतं सायकलच्या ब्रेकची तार कापल्यावर. नंतर पक्कड मिटून ट्यूबलाइटसमोर धरायची. धारेत दात पडला असेल तर तिथून उजेड येतो, आणि मग ती पक्कड पुढे कायम तार कापायच्या ऐवजी चावत बसते.

म्हणजे नावाचे पैसे हे खरं तर न दिसणाऱ्या पाण्याचे पैसे. यात तपारियाचं कौतुक करायला हवं. १९६९पासून ही मंडळी हातहत्यारं बनवतात. सुरुवातीला स्वीडिश कंपनीचं तांत्रिक सहकार्य होतं आणि कारखाना आपल्या नाशिकला, सातपूरला. शंभरची पक्कड आणि चारशेची पक्कड यांतला फरक जमीनअस्मानाचा आहे. चारशेची आणि अडीच हजारांची यांतला फरक आहे, पण तो शोधावा लागतो. मूठ जरा बरी, सांधा आतबाहेर हलत नाही, जाड तार कापताना मनगट कमी दुखतं. दिवसभर वापरणाऱ्याला हे मोलाचं. मला? हौस. हौस म्हणायला मला लाज वाटत नाही, पैठणी नेसणाऱ्यांना कुठे वाटते?

पण पकडीवरून पान्यावर आलं की हिशेबच बदलतो. नट षट्कोनी असतो आणि उघड्या तोंडाचा पाना त्याला समोरासमोरच्या दोनच बाजूंनी धरतो. पाना नेमक्या मापाचा आणि कठीण असेल तर तो बाजू धरतो. तोंड केसभर मोठं असेल, किंवा जोर लावल्यावर फाकत असेल, तर तो फक्त कोपरे धरतो. मग काय होतं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. आधी अगदी बारीक 'कट' असा आवाज येतो. हाताला वाटतं, सुटला! सुटलेला नसतो. पाना काढून बघावं तर नटाच्या कोपऱ्यावर चांदीसारखी नवी कोरी रेघ, आणि तिच्या कडेला लोखंडाची सालीसारखी पापडी. दुसऱ्या झटक्याला कोपरा गोल. तिसऱ्याला पाना नटाभोवती नुसता फिरतो, आणि आपली बोटं शेजारच्या पत्र्यावर आपटतात.

आता पाना दीडशेचा होता की सातशेचा, याला काही अर्थ उरत नाही. स्कूटरच्या इंजिनखालचा, ऑइल काढायचा बोल्ट असेल तर तो काढायला त्यावर दुसरा नट वेल्डिंग करावा लागतो. तो निघताना ॲल्युमिनियमचे आटे घेऊन आला, की मग नवे आटे पाडणं, आत तारेची स्प्रिंग बसवणं आणि गॅरेजवाल्याचं "मॅडम, कुणी खोललं होतं हे?" हे विचारणं. हत्याराची किंमत आपण हत्यारावरच्या लेबलात शोधतो, आणि बिल येतं बोल्टाच्या नावावर. म्हणून माझ्यापुरता मी एक प्रश्न ठरवला आहे: हे हत्यार घसरलं तर काय बिघडेल? हातोडी घसरली तर माझाच अंगठा, तो फुकट बरा होतो. मेजरटेप तर कितीही भारीचा आणा, घरातलं कोणीतरी तो शेवटपर्यंत ओढून 'खटॅक' करून सोडणारच. पाने आणि स्क्रू ड्रायव्हरची टोकं मात्र चांगली हवीत. उघड्या तोंडाच्या पान्यापेक्षा रिंग पाना हवा, तो सगळ्या बाजूंनी धरतो. आणि ॲडजस्टेबल पाना, ज्याने बहुतेक घरांत सगळं आवळलं जातं, तो शेवटचा इलाज. वापरलाच तर जोर न हलणाऱ्या जबड्यावर येईल अशा बाजूने ओढायचा. हे निम्म्या पुण्याला माहीत नाही, आणि उरलेलं निम्मं उलट्या बाजूने ओढून वर समजावून सांगतं.

स्क्रू ड्रायव्हरच्या बाबतीत तर पैसाही नेहमी कामाला येत नाही. आपण ज्याला 'स्टार' म्हणतो, तो फुलीचा स्क्रू अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सने प्रचारात आणला. १९३६मध्ये पेटंट मिळालं आणि कॅडिलॅक गाड्यांत तो वापरला गेला. जपानी गाड्यांच्या स्क्रूची फुली दिसायला तशीच, पण घडण वेगळी. फिलिप्सचं टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही, अधांतरी राहतं, आणि जोर लावला की वर चढून फुलीची वाटी करून टाकतं. दुचाक्यांच्या या शहरात किती यामाहांच्या आणि किती किनेटिक होंडांच्या स्क्रूंनी असा प्राण सोडला असेल, देव जाणे. स्क्रूच्या डोक्यावर फुलीशेजारी बारीक ठिपका दिसला तर समजायचं, हा जपानी. त्याला ओसाकाच्या व्हेसल कंपनीचा काहीशे रुपयांचा ड्रायव्हर बसतो आणि हजारांचा जर्मन ड्रायव्हर बसत नाही. हे सांगितल्यावर नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदाच खुलला होता.

किंमत आणि मोल यांचा घोळ पुरता घालवायचा असेल तर कसबा पेठेत तांबट आळीत जावं. मठारकाम करणारा कारागीर तांब्याच्या भांड्यावर एकाशेजारी एक ठोके घालत जातो, आणि प्रत्येक ठोक्याची चपटी टिकली भांड्यावर उमटते. त्याच्या हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं. असावंच लागतं, त्यावर एक ओरखडा असला तर प्रत्येक टिकलीत तो ओरखडा उमटेल. असली हातोडी नवी किती रुपयांना पडली होती, याच्याशी त्या आरशाचा संबंध नाही. आमच्याकडे कपाटं करायला आलेल्या मिस्त्रीची पटाशीही तशीच. मारवाडातून आलेला माणूस, हत्यारं कापडी पिशवीत. पटाशीचं पातं घासून घासून निम्मं उरलेलं, लाकडी मुठीच्या मागच्या टोकाला ती फाटू नये म्हणून लोखंडी कडं ठोकलेलं. जेवणानंतर तो सहाणेसारखा दगड काढून धार लावत बसायचा आणि मग दंडावरचा केस काढून बघायचा. मी माझी भारीची पटाशी त्याला कौतुकाने दाखवली. त्याने अंगठा फिरवला, काही न बोलता दगड पुन्हा पुढे ओढला आणि मलाच धार लावून दिली.

आता त्या पाच हजारांच्या पकडीबद्दल. ती पक्कड दिसते, पण खरं तर पाना आहे. बनवणारी क्निपेक्स, जर्मनीत वुपरटालची, १८८२पासूनची. तिचे जबडे गुळगुळीत आणि कायम एकमेकांना समांतर राहतात. मूठ दाबली की हाताच्या जोराच्या दहापट दाब पडतो, असं कंपनी सांगते. म्हणजे पाना कसा घट्ट मापाचा हवा, तर ही दर वेळी नटाच्या मापाची होते. आमच्या बाथरूमच्या नळाची चकचकीत चकती एका प्लंबरने पाइप पान्याने आवळून ठेवली होती. त्याचे दात तिच्यावर असे उमटलेत की दात घासताना रोज समोर दिसतात. दातांच्या पान्याला फडकं गुंडाळतात, पण फडकं घसरतं. ही पक्कड क्रोमवर ओरखडाही उठू देत नाही. हे काम चारशेवालीला येत नाही, दोन हजारवालीलाही येत नाही. इथे जास्तीचा पैसा नुसता चांगलं करत नाही, वेगळंच काहीतरी करतो. एवढं नवऱ्याला पटलं आहे. फक्त तो म्हणतो, नवी चकती दोनशेला मिळते.

खरा त्रास वेगळाच आहे. भारी हत्याराने माणूस कंजूष होतो. पूर्वी कोणी दार वाजवून पक्कड मागितली की मी देत असे. आता घरात दोन पकडी आहेत, एक द्यायची आणि एक न द्यायची, आणि दुसरी आहे हे कोणाला कळू द्यायचं नसतं. खंडेनवमीला सगळी हत्यारं पाटावर मांडते तेव्हाही ती मागच्या ओळीत, हातोडीच्या आड. (ओलं गंध लावून रात्रभर ठेवलं की सकाळी गंजाचा ठिपका पडतो, म्हणून आधी तेलाचा हात फिरवते. देवाची हरकत दिसली नाही.)

पण वरच्या मजल्यावरच्या काकांनी ती या पाटावरच बघितली असावी. परवा त्यांचा नळ ठिबकायला लागला. द्यायची पक्कड दिली. दहा मिनिटांत काका परत दारात.

"अगं, ही घसरते. ती लाल मुठीची दे की."

"ती जरा नाजूक आहे काका."

"नाजूक? पाच हजारांची ना ती?"

म्हणजे किंमतही कळली होती. घरातून कोणी सांगितली ते मी विचारलं नाही. चप्पल घातली, त्यांच्याकडे गेले, नळ आवळून दिला. काकूंनी चहा केला, तोही प्यायले. पक्कड मात्र चहा होईपर्यंत मांडीवरच ठेवली, टेबलावर नाही.